व्याह्यांचं पतधोरण

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका देशाच्या अर्थकारणाचा भार एकट्याच्या डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये एवढंच मी देवाजवळ मागते. कारण एवढा भार घेतलेला माणूस एकटा फिरत नाही हो, वाटेत जो भेटेल त्याच्या डोक्यावर थोडा थोडा ठेवत जातो. माझ्या डोक्यावर तर त्यांनी भरलेली पाटीच ठेवली होती. पूर्णा गावात त्यांची चोवीस लूमची शेड, शेडमागे घर, आणि मी राहते अंबाडीला. मधला रस्ता म्हणजे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. त्या रस्त्याने मी दर दोन महिन्यांनी रिक्षात बसून, एकेक मणका मोजत पूर्णाला जात होते. कशासाठी? तर दर ठरवायला. हसू नका, सांगते.

पहिल्यांदा त्यांना मी पाहिलं ते लेकीला बघायला आले तेव्हा. आमच्याकडची दहा माणसं, त्यांच्याकडची पंधरा, पोह्यांच्या बशा फिरतायत, लेक मान खाली घालून बसलेली. मुलाच्या वडिलांनी मुलीकडे पाहिलंच नाही. ते माझ्या पदराकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून एक लहानशी, घडी होणारी पितळी काच काढली. लूमवाल्यांकडे ती असतेच. कापडावर ठेवायची आणि एका इंचात आडवे धागे किती ते मोजायचे. त्या धाग्यांना ते लोक पिक म्हणतात. "जरा पदर इकडं करा," म्हणाले. मी घाबरून पदर पुढे केला. ओठ हलवत त्यांनी मोजलं आणि म्हणाले, "विहीणबाई, दुकानदारानं चौसष्ट सांगितले असतील. बावन्न हायेत. बारा धागे खाल्ले तुमचे." मला साडीचं वाईट वाटायच्या आत माझे दीर कानाशी लागले, "वहिनी, विहीणबाई म्हणाले! पसंती झाली!" असं माझ्या लेकीचं लग्न बावन्न पिकांवर ठरलं.

पुढे कळलं, त्या काचेला सोयर नाही की सुतक नाही. दवाखान्यातला पडदा, आहेरातला टॉवेल, नाक्यावर लागलेला पुढाऱ्याचा बॅनर, सगळं मोजून व्हायचं. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेला गेले आणि त्या नव्या कोऱ्या पांढऱ्या कापडावरही काच ठेवली. चाळीससुद्धा भरेनात. लोक म्हणाले, अहो, ही काय वेळ आहे? तर म्हणाले, "हीच वेळ. घेनारा तक्रार करनार न्हाय, हे दुकानदाराला बरोब्बर म्हाईत हाय." आणि घरी येऊन दिवसभर जेवले नाहीत. म्हाताऱ्यासाठी की धाग्यांसाठी, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांचं म्हणणं असं, की बाजार बसायला लागला की तो आधी ओरडत नाही. आधी कापड पातळ होतं.

आता दराचं सांगते. हे खूळ एका शब्दापायी लागलं. त्यांच्यासारख्या लूमवाल्यांच्या घरात दर म्हणजे एकच, कापड विणून द्यायची मजुरी. व्यापारी सूत देतो, लूमवाला विणून देतो, आणि पिकामागे जे पैसे ठरतात तो दर. तो वाढला तर घरात जिलबी, घटला तर कुणी कुणाशी बोलत नाही. एका सकाळी टीव्हीवरची बाई सांगत होती, मोठ्या बँकेने दरात पाव टक्का कपात केली. मोठी बँक म्हणजे मुंबईतली ती, सगळ्या बँकांच्या वरची. व्याह्यांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. "आता बँकवाले पन आमचा दर कापायला लागले?" त्यांच्याकडे तीस वर्षं विणकाम करणारा आझमगडचा एक म्हातारा आहे, त्याला सगळे चाचा म्हणतात. त्या चाचाला मोटारसायकलवर मागे घातला आणि गेले थेट व्यापाऱ्याच्या पेढीवर. "सेठ, बँकेनं कापला तो कापला, तुमी वरून कापू नका. दोन्हीकडून कापाल तर आमी काय हवा विनायची?"

व्यापारी हसून हसून लोडावर आडवा झाला. मग पाणी दिलं, बसवलं आणि समजावलं, की काका, हा दर व्याजाचा आहे, तुमच्या पिकाचा नाही, आणि तो कमी झाला तर तुमचा फायदा. कर्ज स्वस्त होतं, लोक माल घेतात, बाजार हलतो. व्याही पेढीवरून उतरले ते निराळेच होऊन. डोळ्यांत पाणी. "चाचा, आपल्यासाठी मुंबईत कोनतरी बसून इचार करतो हाय." चाचा मागच्या सीटवर चढत म्हणाला, "अल्ला उसका भला करे सेठ. लेकिन अपना पगार तो वही रहेगा ना?"

त्या दिवसापासून दर दोन महिन्यांनी मोठ्या बँकेचे साहेब टीव्हीवर बोलायला बसले की पूर्णाच्या त्या घरात कुकरची शिटी वाजवायला बंदी. व्याही टीव्हीपुढे मांडी घालून बसायचे, सत्यनारायणाला बसतात तसे, फक्त प्रसाद मिळत नसे. एकदा त्यांना कळलं, की तिथे साहेब एकटे ठरवत नाहीत, सहा जण मत देतात. तीन आतले, तीन बाहेरचे. हे कळल्यावर माणूस दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "तिथं सहा जन ठरवतात. हितं मी एकटाच ठरवतो. म्हनून आपल्या घरात मंदी हाय." आणि घरात पतधोरण समिती स्थापन झाली. आतले तीन म्हणजे ते स्वतः, त्यांच्या बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, आणि मुलगा, म्हणजे माझा जावई. बाहेरचे तीन म्हणजे चाचा, मी, आणि माझी लेक. लेक भडकली. "बाबा, आठ वर्षं या घरात भांडी घासतेय, अजून मी बाहेरची?" तर म्हणाले, "बाहेरची म्हंजे मानाची. बाहेरच्यांनी खरं बोलायचं असतं."

बैठक शुक्रवारी. त्या दिवशी लूमला सुट्टी. चाचा नमाजाहून आला, जेवणं झाली, की शेडमध्ये बाकं मांडायची. बंद लूमच्या मधोमध आम्ही सहा जण, आणि अंगावर तो कापसाचा भुगा. पहिला विषय चहातली साखर. मोठ्या बँकेने पाव टक्का कापला, तर आपणही पाव चमचा कापायचा. विहीणबाई म्हणाल्या, "पाव चमचा मोजायला तसला चमचा हाय का घरात?" पुढच्या वेळेला व्याह्यांनी खोकल्याच्या औषधाचं मापटं आणून ठेवलं. दुसरा विषय पंख्याचे तास. तिसरा सुके बोंबील. तिथे मात्र विहीणबाई उभ्या राहायच्या. "देशाचं काय करायचं ते करा, माज्या बोंबलाला हात लावलात तर मी माह्यारी जाईन!" मग व्याही घसा साफ करून टीव्हीवरच्या आवाजात सांगायचे, "बोंबलाचा दर जैसे थे." हे जैसे थे त्यांना फार आवडायचं. गुडघा कसा आहे विचारलं तरी तेच उत्तर.

आणि शेवटचा विषय नेहमी एकच. लूम चालू ठेवायचे की भंगारात काढायचे. जावई आणि लेक म्हणायचे, काढा. व्याही, चाचा म्हणायचे, ठेवा. विहीणबाई झोपलेल्या असायच्या, त्यांना हलवलं की म्हणायच्या, "ह्यांचं तेच माजं." उरले मी. मी बाई पाहुणी. त्यांच्या घरचं जेवून, त्यांच्याच शेडमध्ये बसून, त्यांच्या लूमवर कुऱ्हाड कशी घालू? तीन-तीन झालं असतं तरी व्याह्यांचं मत दोनदा धरायचं असा त्यांचा नियम होताच, पण तेवढीही वेळ मी कधी आणली नाही. मी म्हणायची, "तुम्ही म्हणता तर ठेवा." की वहीत चार विरुद्ध दोन, आणि लूम जैसे थे.

एकदा मी त्यांना विचारलं, की व्याही, वस्तू स्वस्त झाली तर चांगलंच की, त्यात रडण्यासारखं काय? त्यांनी मलाच उलट विचारलं, "विहीणबाई, तुमी भाजीला सकाळी जाता का संध्याकाळी?" म्हटलं, संध्याकाळी, भाव उतरतो. "मंग समद्या बाया संध्याकाळीच आल्या, तर भाजीवाल्यानं दिवसभर काय करायचं? माशा मारायच्या. तो भाजीवाला मी. माझा व्यापारी म्हनतो, काका, आज कशाला माल उचलू, पुढच्या आठवड्यात अजून उतरेल. आठवड्यानं उतरतोच. त्यानं उचलला न्हाय म्हनूनच उतरतो! महागाई मानसाला पळवते, विहीणबाई. स्वस्ताई मानसाला बसवून ठेवते." मला इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी मुद्दाम सकाळी अंबाडी नाक्यावर जाऊन, घासाघीस न करता, पूर्ण भावाने दुधी घेतला. देशासाठी. दुधी कडू निघाला.

दर कापला गेला की आठ दिवसांनी ते आपल्या बँकेच्या शाखेत जायचे आणि काउंटरवरच्या मुलीला विचारायचे, "ताई, वरून सोडलेलं हितं पोचलं का?" ती बिचारी म्हणायची, "काका, अजून सर्क्युलर नाही आलं." व्याही मान हलवून परत. रागावत नसत. आमच्याकडे पाण्याचंही तसंच आहे म्हणायचे. वर टाकीत सोडलं की पेपरात फोटो येतो, शेवटच्या घराला नळ नुसता सूं करतो. त्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून चादर नेली. साठ पिकांची, घरच्या लूमवरची. मांडवात तिला काच देऊन मोजायला लावली.

हे सगळं सांगताना मी हसते, पण बघताना हसू येईनासं झालं होतं. चोवीस लूमचे बारा झाले, बाराचे सहा. सूत चढायचं, कापड उतरायचं, मधे व्याही. आजूबाजूच्या शेडी एकेक करून गोदामं झाल्या. व्याह्यांना गोदामाचा तिटकारा. "त्यात काय हाय? आत माल झोपतो आन बाहेर मानूस त्याची राखन करतो." आणि त्यांचा स्वतःचा मुलगा, माझा जावई, वडप्याच्या अशाच एका गोदामात खोकी उचलून ठेवत होता. आधी एक ड्युटी, मग दोन. एका शुक्रवारी मी पोचले तेव्हा तो बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता, हातात चहाचा कप तसाच. लेकीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, शेडचं लाइट बिल यांच्या पगारातून जातं. सहा लूम चालतात, तेही अर्धा दिवस. शेड भाड्याने दिली तर हे एक ड्युटी सोडतील. यांची पाठ बघ एकदा, पट्टा बांधून जातात."

"मग तू सासऱ्यांना सांग की."

"सांगते ना! दर बैठकीत हात वर करते. आणि माझी सख्खी आई तिकडे हात वर करते."

मी भाकरी मोडत होते ती हातातच राहिली. म्हटलं, "अगं, त्यांचं मन..."

"त्यांचं मन राखतेस, आणि माझं घर?" असं म्हणून ती ताटं घेऊन बाहेर गेली.

त्या दिवशी साखर, पंखे, बोंबील भरभर उरकलं. शेवटच्या विषयाला लेकीने आणि जावयाने नेहमीसारखे हात वर केले. व्याह्यांनी वहीत दोन लिहिलं आणि चाचाकडे न बघताच त्याचं नाव आपल्या बाजूला लिहायला लागले. तेवढ्यात चाचा म्हणाला, "सेठ, आज मेरा हाथ उधर."

व्याही पेन धरून तसेच. "कुठं उधर?"

"बंद करने में." चाचाची मान खाली. "धागा टूटता है तो अब दिखता नहीं मुझे. बेटा दो साल से गाँव बुला रहा है."

"मंग बोलला का न्हायस? तुज्यासाठी तर चालवतो हाय मी!"

"और मैं आपके लिए रुका हूँ, सेठ."

दोन म्हातारे एकमेकांकडे बघत होते, आणि मला वाटलं, देवा, हे दोघं एकमेकांपायी किती वर्षं इथे उभे आहेत. व्याह्यांनी तीन लिहिलं. विहीणबाई त्या दिवशी जाग्या होत्या. म्हणाल्या, "ह्यांचं तेच माजं," पण फार हळू म्हणाल्या. तीन विरुद्ध दोन. राहिले मी. मी ठेवा म्हटलं असतं तर तीन-तीन, मग व्याह्यांचं मत दोनदा, आणि लूम तिथेच. सगळे माझ्याकडे बघत होते. जावयाला मात्र डुलकी लागली होती, मान छातीवर. मी त्याच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. बंदच्या बाजूने.

"चार इरुद्ध दोन," व्याही अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले. "निर्नय बहुमतानं." मग उठले, लूमवरचा भुगा हाताने झाडला आणि माझ्या लेकीला म्हणाले, "सूनबाई, आईला ताक दे. लांब जायचं हाय त्यांना."

लूम न्यायला ट्रक आले तेव्हा मी गेले नाही. लेकीने फोनवर सांगितलं, दोन दिवस लागले, सगळं किलोवर गेलं. चाचा गावी गेला, जाताना विहीणबाईंनी त्याच्या पिशवीत सुके बोंबील भरून दिले, गाडीभर वास. शेडमध्ये आता लहान मुलांच्या लंगोट्यांची खोकी आहेत, त्या वापरून फेकायच्या असतात त्यांची. जावयाने एक ड्युटी सोडली. रविवारी दुपारपर्यंत झोपतो म्हणे. हे सगळं ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण व्याह्यांचा फोन नाही, निरोप नाही. दोन महिने होऊन गेले, मला बैठकीचं बोलावणं आलं नाही. माझी मनात शंभरदा माफी मागून झाली होती.

आणि एका दुपारी ते स्वतःच अंबाडीला आले. न कळवता, तोच रस्ता तुडवत. अंगणात चपला काढल्या, पाणी प्यायले, खुर्चीत बसले. खांदे उतरलेले दिसले. मी म्हटलं, "व्याही, त्या दिवशी मी जो हात..."

"त्या हाताचंच बोलायला आलो," म्हणाले. "भंगारवाला पहिल्यांदा दारात आला त्याला तीन वर्सं झाली. तेव्हा त्यानं जो भाव सांगितला, त्याच्या अर्ध्यात आता गेले लूम. तीन वर्सं, दर दोन महिन्यांनी. अठरा वेळा तुमी आलात, विहीणबाई, आन अठरा वेळा माझं मन राखलंत."

मी लूम मोडले म्हणून रात्रंदिवस जिवाला लावून घेतलेलं, आणि हा माणूस म्हणतो, मोडायला उशीर केला. म्हटलं, "मग तुम्हीच का नाही केला हात वर? तुमचंच तर सगळं होतं."

"माझा हात वर जात न्हवता, म्हनून तर बाहेरची मानसं बसवली ना." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मग थोडंसं हसले. "चूक माझीच. बाहेरची म्हनून घेतली ती पन नात्यातलीच घेतली."

चूल... म्हणजे गॅस हो, बारीक करून आले होते, भात झाला होता. म्हटलं, जेवून जा. त्यांनी नाही म्हटलं नाही. मी आमटी-भात वाढला, शेजारी खाराची मिरची ठेवली आणि समोर बसले. ते जेवायला लागले. बाहेर वाडा रोडवरून एक कंटेनर गेला, भांडी थरथरली. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "दिवाळीनंतर बाजार सुधरेल. न्हाय का?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांची सवय ती. पण ते मान वर करून माझ्याकडे बघत होते, वाट बघत होते.

"मला नाही वाटत, व्याही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मला बी न्हाय वाटत," म्हणाले, आणि ताट पुढे केलं. "घाला थोडा अजून भात."